फवारणीचा संच घेतला, पण निंदायला जाणाऱ्या बायांचं काय?

घाटंजी तालुक्यात आमची सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हापासून मी यांना उघड्या अंगानं पंप पाठीवर घेऊ देत नाही. यंदा कृषी केंद्रातून 550 रुपयांचा संच आणला. अंगरखा, टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे. चार फवारण्या झाल्यावर लिहिते आहे.

अंगरखा चांगला. पऱ्हाटी छातीला लागली की यांचे कपडे औषधानं चिंब व्हायचे, ते थांबलं. पंप पाठीवर गळला तरी आत ओल आली नाही. उकडतं मात्र फार, चष्म्यावर वाफ धरते. मास्क नुसता कापडी, वास सरळ नाकात येतो. गाळणीचा मास्क वेगळा घ्या. हातमोजे दवाखान्यातल्यासारखे पातळ, दुसऱ्याच दिवशी फाटले. जाड रबरी आणले. उंच झाडावर नळी वर धरताना मोज्याचं तोंड बाहीवरून ओढून घ्यावं, नाहीतर ओघळ कोपरापर्यंत आत जातो.

माझं खरं दुखणं पुढंच आहे. फवारून झालं की गडी संच काढून ठेवतो, औषध मात्र पानावर राहतं. निंदायला आम्ही बायाच जातो. पानावर वाळलेलं औषध सकाळच्या दवानं पुन्हा ओलं होतं, लुगड्याला, हाताला लागतं, त्याच हातानं आम्ही भाकर खातो. गेल्या साली प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक मारल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी वावरात शिरलो. दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुटली, डोळ्यांपुढं अंधुक दिसू लागलं. आता पाच दिवस कोणी आत जात नाही, नंतरही दव वाळल्यावरच, जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून.

संचासोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. बायांच्या मापाचा संच मागितला तर दुकानदार म्हणाले, "वहिनी, बाया कुठं फवारतात?"

हा अंगरखा धुते मीच. मोजे घालून, वेगळ्या बादलीत, विहिरीपासून लांब. पोरांच्या कपड्यांत कधीच नाही.

पाचापैकी तीन तारे. बायांच्या मापाच्या बाह्या आणि मोजे निघाले तर चार जोड मीच घेईन, आम्हा चौघींसाठी.