बांबूचा स्टीमर: आठ महिने वापरून झाल्यावर

दहा इंची, दोन थरांचा, वर विणलेलं झाकण. वापर आठवड्यातून दोनदा, मध्ये अख्खा पावसाळा. आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल होतात ते झाकणामुळे. मोदकपात्राच्या झाकणाला आतून वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि मोदकांवर टपकतात. ढोकळा करताना झाकणाला फडकं बांधतात ते याचसाठी. बांबूचं झाकण थोडी वाफ बाहेर सोडतं, थोडं पाणी स्वतः पितं. मोदकाची पारी चिकट होत नाही, कळ्या उठून दिसतात. चिनी बाओ (वाफवलेले फुगीर पाव) तर यातच करावेत. धातूच्या झाकणाखाली त्यांच्या पाठीवर पाण्याचे डाग पडतात.

नवा आणला की अर्धा तास पाण्यात बुडवायचा आणि मग रिकामाच पंधरा मिनिटं वाफवायचा. नाहीतर पहिल्या दोन-तीन घाण्यांना नव्या सुपाचा वास येतो.

खरी गोम पाण्याच्या पातळीत आहे. कढई स्टीमरपेक्षा दोन इंच मोठी हवी, म्हणजे बारा इंची. स्टीमरची खालची कड पाण्यात जेमतेम बुडावी, पण तळाच्या पट्ट्या पाण्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर राहाव्यात. कड कोरडी राहिली तर जळते आणि धुरकट वास मोदकात उतरतो. पाणी जास्त झालं तर उकळताना उडून खालचा थर भिजतो. दर पंधरा मिनिटांनी कडेने उकळतं पाणी घाला. गार घातलंत तर वाफ बसते आणि बाओही बसतो. कढईत स्वच्छ नाणं टाकून ठेवलं तर ते खडखडत राहतं; आवाज थांबला की पाणी संपलं. लोखंडी कढई मात्र वापरू नका. तासभर उकळत्या पाण्यात तिच्यावरचा तेलाचा थर निघतो आणि दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

थेट पट्ट्यांवर काही ठेवू नये, उकड चिकटली की खरवडताना पट्टी उचकटते. मोदकांना केळीचं किंवा हळदीचं पान, मोमोंना कोबीचं पान किंवा भोकं पाडलेला बटर पेपर. पानानं सगळी जागा झाकू नका, कडेनं बोटभर फट हवीच. नाहीतर वरच्या थराला वाफ पोचत नाही आणि वरचे मोदक कच्चे राहतात. फट ठेवूनही वरचा थर दोन-तीन मिनिटं मागे असतो, म्हणून निम्म्या वेळात थरांची अदलाबदल करावी. मासळी असेल तर ती नेहमी खाली, ताटलीत.

वेळा मोठ्या आचेवर, वाफ जोरात आल्यापासून मोजलेल्या: मोदक 10 ते 12 मिनिटं (ठेवण्याआधी गार पाण्यात बुडवून काढावेत, पारी चिरत नाही), भाजीचे मोमो 8 ते 10, अळूवडीचा उंडा 20, तीनशे ग्रॅमचं अख्खं पापलेट 8 ते 10. बाओ 12 ते 15; मग गॅस बंद करून चार मिनिटं झाकण उघडायचं नाही, एकदम उघडलं तर सुरकुततात.

इडलीसाठी हा घेऊ नका. पातळ पिठाला वाट्या लागतात, त्या दोन्ही थरांत मिळून दहाही बसत नाहीत. कुकर बरा.

साबण अजिबात नको, बांबू तो शोषून घेतो. गरम पाणी आणि ब्रश पुरे. त्यानंतर थर सुटे करून, उभे टेकवून, सावलीत वाळवायचे. मुंबई-कोकणात जुलैमध्ये एका दिवसात वाळत नाही. पंख्याखाली दोन दिवस लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की पट्ट्यांच्या सांध्यात काळे ठिपके धरतात. वरवरची बुरशी व्हिनेगरच्या पाण्यानं घासून, पुन्हा रिकामा वाफवून जाते. ठिपके आत मुरले असतील तर तो थर टाकून द्या. झाकण चांगलं असेल तर ठेवा, तेवढ्याच मापाच्या मोदकपात्रावर ते छान बसतं.