ट्रिगर पॉइंट मसाज: आठ महिन्यांनंतरचा माझा अनुभव (शिलाईकाम, खांदा आणि डोकेदुखी)

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनपर्यंत मी ट्रिगर पॉइंट मसाज, म्हणजे स्नायूतली हळवी गाठ शोधून ती दाबून धरायचा मसाज, घेतेय, आठ महिने झाले. खरंच फरक पडतो का, किती पैसे गेले, लई दुखतं का असं येणारी-जाणारी प्रत्येकजण विचारते म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी काही डॉक्टर नाही, कोल्हापुरात राजारामपुरीत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, २१ वर्षं मशीनवर बसतेय, त्यामुळं जे लिहितेय ते माझ्या अंगावरनं गेलेलं आणि माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावून सांगितलेलं, एवढंच.

दुखणं काय होतं ते आधी सांगते कारण खरी गंमत तिथंच आहे. उजवा खांदा वरच्या बाजूनं कायम भरलेला, दगड ठेवल्यासारखा. पण त्याचं मला काही वाटायचं नाही, शिलाई करणाऱ्या बाईचा खांदा दुखणारच असं धरूनच चालले होते. मला खरा त्रास व्हायचा तो उजव्या कानशिलातल्या ठणक्याचा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि डोळ्याच्या मागं ओढ लागायची, आठवड्यातनं चार-पाच दिवस तरी. चष्म्याचा नंबर बदलून आणला, काही फरक नाही. आत्याबाई म्हणाल्या पित्त आहे, तिखट बंद कर, महिनाभर तांबड्या रश्श्याला हात लावला नाही, तरी ठणका आहेच. मग कुणी अर्धशिशी म्हटलं, गोळी घेतली की चार तास बरं आणि परत तेच. मानेचा एक्सरे काढला तर मणक्यात वयाप्रमाणं थोडी झीज आहे म्हणाले आणि मानेला पट्टा दिला, पट्टा लावून खाली बघून शिवता कसं येणार हो?

दुसरं म्हणजे उजवा हात पाठीमागं जाईना. गिऱ्हाइकाचं माप घेताना टेप पाठीमागनं फिरवायला लागते, ती फिरवताना खांद्याच्या पुढच्या बाजूला अशी कळ मारायची की डोळ्यात पाणी. घरात स्वतःची वेणी घालणंसुद्धा अवघड झालं होतं.

त्यात नवरात्र आलं. आमच्याकडं नवरात्र म्हणजे नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या, प्रत्येक बाईला अंबाबाईच्या दर्शनाला त्या त्या रंगाचं ब्लाउज पाहिजे आणि सगळ्यांना आदल्या रात्रीपर्यंत. ललिता पंचमीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते, सकाळी उठले तर मान धरलेली, डावीकडं वळेचना. तेव्हा घाबरले. घरात कमावणारे हातच बसले तर काय करायचं?

घाबरून आधी एका मसाज सेंटरला गेले ती चूक झाली. नाव लिहीत नाही. काही विचारलं नाही, तपासलं नाही, तासभर कोपरानं रगडलं, जितकं दुखेल तितकं चांगलं म्हणाले. पाठीवर निळे डाग आले आणि तीन दिवस कात्री उचलता आली नाही. मसाज नावाचं काही असलं तर पुन्हा नकोच असं ठरवलं होतं मी. पण माझ्याकडं शिवायला टाकणाऱ्या एक नर्सबाई आहेत, त्या म्हणाल्या ताई, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडं जा, ते तपासून करतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी हातच लावला नाही वीस मिनिटं. नुसतं विचारत होत्या. हाताला मुंग्या येतात का, वस्तू हातातनं पडते का, ताप, वजन कमी झालंय का, रात्री दुखण्यानं जाग येते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग म्हणाल्या खुर्चीवर बसा आणि मशीन चालवतानाची पोझ करून दाखवा. मी वाकले, मान पुढं, उजवा खांदा वर. त्यांनी खांद्याचा वरचा स्नायू, त्याला ट्रॅपेझियस म्हणतात, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू चाचपत नेला. एका ठिकाणी थांबल्या. मलापण आतनं कळलं की तिथं काहीतरी आहे. बॉबिनचा दोरा कापडाखाली गोळा होऊन बसतो, वरनं बोट फिरवलं की लागतो बघा, तसं. त्यांनी तिथं दाबलं आणि माझ्या कानशिलात ठणका सुरू झाला. खांदा दाबलाय आणि दुखतंय कानशिलात, डोळ्याच्या मागं, जिथं गेली दोन वर्षं दुखत होतं नेमकं तिथंच. मी ओरडलेच, मॅडम हेच ते! त्या म्हणाल्या काकू, हीच तर खूण आहे.

तिथं बसल्या बसल्या मला रडू आलं, खरं सांगते. दोन वर्षं मी डोक्याच्या गोळ्या खात होते आणि दुखण्याचं मूळ खांद्यात होतं.

मॅडमनी मग समजावलं. स्नायूत ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा तयार होतो आणि त्यात एक टिपका असा हळवा होतो की दाबला की दुखणं लांब दुसरीकडं उमटतं, त्या टिपक्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. प्रत्येक स्नायूचं दुखणं कुठं उमटतं याचे ठरलेले नकाशे आहेत. हे नकाशे नीट मांडायचं मोठं काम जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी केलं, पुढं डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर. या ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करायच्या आणि १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या, राष्ट्राध्यक्षांची खासगी डॉक्टर झालेली पहिली बाई. मला हे ऐकून फार बरं वाटलं.

गाठ का होते? एकाच पोझमध्ये तासन् तास बसलं की स्नायूचे ते धागे आखडलेलेच राहतात, सैल पडायला वेळच मिळत नाही, तिथला रक्तपुरवठा दबतो, आणि ती जागा चिडून बसते. असं एक स्पष्टीकरण आहे, पण आत नक्की काय घडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही हेही मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. थोड्या काळासाठी आराम पडतो असं अभ्यासात दिसलंय पण लांबच्या फायद्याचा पुरावा कमी आहे, त्यामुळं नुसतं माझ्या हातावर विसंबू नका, व्यायाम तुम्हालाच करावा लागेल, असं म्हणाल्या. पैसे घेणारं माणूस असं तोंडावर सांगतं तेव्हा माझा तर विश्वास वाढतो.

आता प्रत्यक्ष मसाज. तेल चोळून अंग रगडणं यात नाही. ती जागा सापडली की अंगठ्यानं सावकाश दाब द्यायचा आणि अर्धा ते एक मिनिट तसाच धरून ठेवायचा. मला दहापैकी आकडा विचारायच्या. पाच-सहा चालेल, सातच्या वर गेलं की लगेच दाब कमी, कारण जास्त दुखलं तर स्नायू उलटा आखडतो. पहिल्यांदा सहा असतं, मग पाच, चार, असं बोटाखालीच विरघळत गेल्यासारखं होतं, मग त्या थोडं आणखी आत जातात. कधी कधी तो पट्टा एकदम फडफडतो, मासा उडी मारल्यासारखा. त्यानंतर मान दुसऱ्या बाजूला हलकी ताणायची आणि गरम शेक. अर्धा-पाऊण तासात झालं.

आमचे थोरले मामंजी तरुणपणी गंगावेश तालमीत होते, त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर नुसता अंगठा ठेवला आणि बरोब्बर त्याच जागी थांबले. "हितंच हाय बघ शिर." जोर-बैठका झाल्या की पैलवान एकमेकांची मालिश करायचे ती लांब लांब हातांची, अख्खं अंग मोकळं करणारी, पण अशा अडलेल्या जागी वस्ताद अंगठा धरून थांबायचे असं ते म्हणाले. खांदा दाबून डोकं दुखतं हे मात्र त्यांना नवीन होतं. आपल्या गावात शंभर वर्षांहून जास्त काळ तालमीत लोकांची अंगं दाबली जातायत, १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं तेव्हापासूनची किती बोटं हे जाणत असतील असं मनात आलं.

फरक कधी पडला? पहिल्या सिटिंगनंतर दोन दिवस खांदा चांगलाच ठुसठुसत होता, रानात भांगलण केल्यावर दुखतं तसा, पण त्या दोन दिवसांत कानशिलात ठणका आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. मी नाराज झाले, मॅडम म्हणाल्या असंच होणार, एका दिवसात होत नाही. तीन आठवडे दर आठवड्याला दोनदा, मग डिसेंबर संपेपर्यंत आठवड्यातनं एकदा. नाताळच्या सुमाराला डोकेदुखी चार-पाच दिवसांवरनं आठवड्यातनं एखादा दिवस एवढी आली होती आणि गोळीची पट्टी पर्समध्ये तशीच पडून होती.

हाताला जास्त वेळ लागला. इथंसुद्धा तोच प्रकार, दुखायचं खांद्याच्या पुढं आणि गाठ मागं, खांद्याच्या चपट्या हाडावर इन्फ्रास्पायनेटस म्हणून स्नायू आहे त्यात. तिथं दाबलं की पुढं कळ जायची, दंडापर्यंत. मी दोन वर्षं पुढंच बाम चोळत होते! दोन महिने गेले, मग एका सकाळी वेणी घालताना लक्षात आलं की हात मागं गेलाय.

आणि मग फेब्रुवारीत सगळं परत आलं. लग्नसराई जोरात, जानेवारीत मी बरं वाटतंय म्हणून गेलेच नव्हते, आणि एका आठवड्यात खांदा, कानशील, सगळं जसंच्या तसं. चिडून गेले मॅडमकडं. त्या शांतपणे म्हणाल्या दुकानात काम करताना कुणाला तरी फोटो काढायला सांगा, बाजूनं. माझ्याकडं काम शिकणारी पोरगी आहे तिनं काढला. तो फोटो बघून मलाच धक्का बसला. मशीनचं टेबल खाली, मी त्यावर अक्षरशः ओणवी, डोकं खांद्याच्या कितीतरी पुढं, आणि कटिंग तर मी जमिनीवर सतरंजी टाकूनच करत होते इतकी वर्षं.

मशीनच्या पायाखाली लाकडी ठोकळे घातले, कटिंगला कोपराच्या उंचीचं टेबल करून घेतलं, सुताराकडनं, साधं प्लायचं. इस्त्री आधी उजवीकडं लांब होती, प्रत्येक वेळी हात ताणायचा, ती जवळ घेतली. मशीनवर लाइट वाढवला म्हणजे वाकायला नको. फोनवर पाऊण तासाचा अलार्म, वाजला की उठायचं, खांदे मागं फिरवायचे, पाणी प्यायचं. माझं स्पष्ट मत सांगू? पैशाला पैसा धरला तर या टेबलाचा उपयोग मसाजइतकाच झाला. पण मसाजनं आधी खांदा मोकळा केला नसता तर ताठ बसणंच जमलं नसतं, हेही खरं. मार्चपासून महिन्यातनं एकदाच जाते आणि मेच्या मुहूर्तांची सगळी गर्दी निभावली.

घरी काय करते तर चेंडू. मुलाचा टेनिस बॉल मोज्यात घालून मोजा खांद्यावरनं मागं सोडायचा, भिंतीला पाठ टेकायची आणि हळवी जागा सापडली की तिथंच मिनिटभर थांबायचं, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला टेनिस बॉल कडक वाटला तर मऊ रबरी घ्या. मणक्याच्या हाडावर अजिबात नाही, मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर तर स्वतःच्या बोटानंसुद्धा नाही, तिथनं मोठ्या रक्तवाहिन्या जातात, हे मॅडमनी मला तीन वेळा बजावलंय. रात्री गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर केलं की जास्त सैल पडतं असा माझा अनुभव.

खर्च: एका सिटिंगचे ४०० रुपये, आत्तापर्यंत २२ झाल्या, म्हणजे ८८०० रुपये. टेबलाचे वेगळे. माझ्यासारखीला ही रक्कम लहान नाही, पण दुपारी ठणका सुरू झाला की मी दुकान बंद करून आडवी व्हायचे, ते बुडालेले दिवस धरले तर मला परवडलं.

काय झालं नाही तेही लिहिते. मानेच्या मणक्याची झीज आहे तशीच आहे, ती काही दाबून जाणार नाही. थंडीत सकाळी मान अजूनही आखडते. सलग दोन दिवस अलार्म बंद ठेवला की गाठ डोकं वर काढते. आणि सगळ्यांनी सरळ मसाजलाच जावं असंही नाही. माझ्या नणंदेला कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जायची, मी हट्टानं तिला मॅडमकडं नेलं, तर पायाच्या अंगठ्यात ताकद कमी आहे बघून त्यांनी हात न लावता आधी हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. कुल्ह्याच्या स्नायूतल्या गाठीनंपण अशीच कळ पायात उतरते म्हणे, पण बधिरपणा असेल, ताकद कमी झाली असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल तर कुणाला दाबू देऊ नका, रक्ताची गुठळी असू शकते.

आमची शिकाऊ पोरगी १९ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात हेमिंग करता करता उजव्या खांद्यावर हात ठेवून मान वाकडी करताना दिसली. तिच्या मशीनखाली परवा ठोकळे घातले, स्टूलपण बदलून दिलं, आणि अलार्म आता दोघींचा एकदमच वाजतो.