सगळा पाइप आधीच उतरवायचा की खोदाईबरोबर मागवायचा? पाणीयोजनेच्या खरेदीच्या दोन पद्धती

कार्यारंभ आदेश निघाला की आठवडाभरात ठेकेदाराचा प्रस्ताव येतो. मुख्य वाहिनीचा सगळा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचा) पाइप आत्ताच उचलू या, भाव वाढायच्या आत. मुख्याधिकाऱ्यांना ते पटतं, लेखा विभागाला निधी खर्ची पडताना दिसतो आणि रस्त्याकडेला पाइप पडला की काम सुरू झालं म्हणून गावालाही बरं वाटतं. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे. एका योजनेत सगळा पाइप आधी उतरवून घेतला होता, पुढच्या योजनेत खोदाईच्या वेगाने मागवला. पाणी दोन्हीकडे टाकीपर्यंत पोचलं. तरीही हा निर्णय सध्या तुमच्या टेबलावर असेल, तर सही करण्याआधी काही गोष्टी डोळ्यांपुढे असाव्यात असं मला वाटतं.

आधी घेण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा भावाचा आहे, आणि तो खोटा नाही. २०२१ मध्ये लोखंड-पोलाद चढत गेलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर लोखंड गाळायला लागणारा कोकिंग कोळसा भडकला आणि त्याच काळात जलजीवन मिशनमुळे सगळ्या राज्यांची मागणी एकदम पाइपच्या कारखान्यांवर येऊन पडली. ज्यांचा पाइप आधीच आवारात होता, ते त्या वर्षी निश्चिंत राहिले. शिवाय १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांच्या कंत्राटांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ वर गेला. त्याआधी बिलं झालेल्यांचा तोही फायदा झाला.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजूही आहे. २२ मे २०२२ पासून केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि देशातले भाव खाली आले. एप्रिलमध्ये चढ्या दराने घाईघाईने घेतलेला माल दोन-तीन महिन्यांत महाग ठरला. भाव नेहमी वरच जातो असं धरून चालणारा हिशेब म्हणूनच मला अर्धवट वाटतो. तुमच्या निविदेत भाववाढीचं कलम असेल, तर चढउताराचा बराचसा भार तसाही तिथे सांभाळला जातो. ते कलम नीट वाचलं की घाईचं निम्मं कारण गळून पडतं.

या चर्चेत छत्रपती संभाजीनगरचा दाखला हमखास दिला जातो. तिथली १६८० कोटींची पाणीयोजना २७४० कोटींवर गेली, बघा उशिराची किंमत, असं लोक म्हणतात. मला तो दाखला नगरपरिषदेच्या कामाला लावणं योग्य वाटत नाही. जायकवाडीहून येणारी ती वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. एवढा पोलादी पाइप पत्रा वळवून, वेल्डिंग करून, आतून-बाहेरून थर देऊन घडवावा लागतो. त्याचं गणितच निराळं. आपल्या २०० ते ४०० मिलिमीटरच्या वाहिनीचा पाइप कारखान्यात तयार होणारा नेहमीचा माल आहे.

पैशाचंही पाहा. अमृत २.० या शहरांसाठीच्या केंद्रीय पाणीयोजनेत केंद्राचा हिस्सा २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत येतो. पहिल्या हप्त्याचा मोठा भाग पाइपात गुंतला, की जॅकवेल (जिथून पाणी उपसलं जातं ती विहीर), जलकुंभ आणि शुद्धीकरण केंद्राची कामं रेंगाळतात. त्यात बिलाची रचना बहुधा अशी असते की पाइप साइटवर उतरला की दराचा मोठा हिस्सा मिळतो, अंथरल्यावर थोडा आणि वाहिनीत दाबाने पाणी भरून गळती बघणाऱ्या दाबचाचणीनंतर उरलेला. पाइप लवकर उतरवण्यात ठेकेदाराला रस का असतो, ते यात आलं. त्यात गैर काही नाही, त्यालाही कारखान्याचे पैसे द्यायचे असतात. मात्र एकदा मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, की त्या पाइपची काळजी नगरपरिषदेच्या गळ्यात पडते.

माझं मत मात्र भावाने किंवा हप्त्यांनी ठरलं नाही. ते ठरलं दोन पाइपांच्या जॉइंटमध्ये पाणी अडवणाऱ्या रबर रिंगमुळे. पाइपच्या किमतीपुढे या रिंगची किंमत कुणी विचारतही नाही.

आमच्या पहिल्या योजनेत पाइप उन्हाळ्यात आला. रस्ता ओलांडण्याची परवानगी अडकली आणि तोवर पाऊस लागला. काळ्या मातीत जून ते सप्टेंबर चर उघडणं म्हणजे रोज ढासळलेली माती उपसणं, त्यामुळे काम दिवाळीनंतरच सुरू झालं. पाइपला काही झालं नाही. बाहेरून जस्त आणि बिटुमेन, आतून सिमेंटचं अस्तर, एवढा काळ तो सहज काढतो. रिंगा मात्र पाइपबरोबरच पोत्यांत आल्या होत्या आणि पंपगृहाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत थप्पी लावून ठेवल्या होत्या. रबराला उष्णता सोसत नाही, ऊन सोसत नाही आणि चालत्या विजेच्या मोटारींजवळ तयार होणारा ओझोनही सोसत नाही. आमच्या खोलीत उष्णता आणि ओझोन दोन्ही होते. शिवाय तळाच्या पोत्यांतल्या रिंगा वरच्या वजनाने चपट्या होऊन तशाच राहिल्या.

हे जॉइंट करताना कसं दिसतं ते सांगतो. सॉकेट, म्हणजे पाइपचं रुंद तोंड, पुसून घेतात, रिंग पिंपळपानासारखी दुमडून आत घालतात आणि सोडतात. चांगली रिंग स्वतःहून उसळून खाचेत बसते. जुनी रिंग एका जागी फुगीर राहते. फिटर तिला लाकडी हातोडीने ठोकून बसवतो, साबणाचं पाणी लावतो आणि चेन पुलीने पुढचा पाइप आत ओढतो. स्पिगॉटचं, म्हणजे आत शिरणारं साधं टोक त्या फुगीर भागाला ढकलत नेतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. जॉइंटच्या फटीतून पट्टी फिरवून प्रत्येक ठिकाणी रिंग सारखी खोल आहे का ते बघायचं असतं. उजेड कमी आणि माणसं थकलेली असली की हे काम मनापासून होत नाही.

मग दाबचाचणी लागते. पंप बंद केला की गेजचा काटा हळूहळू उतरतो. कुठला जॉइंट गळतोय ते शोधायला बुजवलेला चर पुन्हा उघडायचा आणि ओल दिसेपर्यंत खणत जायचं. गळका जॉइंट सापडला तरी नुसती रिंग बदलता येत नाही, कारण मधला पाइप दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. तो कापायचा, नवा तुकडा घालायचा आणि कॉलर लावून जोडायचा. ज्या शेताच्या बांधावरून वाहिनी गेली, त्या शेतकऱ्याने तोवर पेरणी केलेली. त्याला काय सांगणार? गावात टँकर सुरूच होते.

कारखाना म्हणाला, आमची हमी माल निघाल्याच्या तारखेपासून. ठेकेदार म्हणाला, माल तुम्ही मोजून ताब्यात घेतलाय. दोघांचीही बाजू कागदावर बरोबर होती. खर्चापेक्षा मला वाईट वाटलं ते उशिराचं. पाइप आधी घेऊन जे महिने वाचवायचे होते, ते चाचणीतच गेले.

टप्प्याटप्प्याच्या खरेदीतही त्रास आहेच. ट्रक दोन दिवस उशिरा आला, की जॉइंटची टोळी बसून राहते आणि पोकलेनचं भाडं चालूच राहतं. प्रत्येक खेपेला त्रयस्थ तपासणीसाठी माणूस कारखान्यात पाठवावा लागतो, त्याची पत्रं, त्याच्या तारखा. मागणीचा हंगाम असेल तर कारखाना लहान ऑर्डर मागे ढकलतो. दर बघून मधेच दुसऱ्या कंपनीकडे जावं असाही मोह होतो. तो टाळा, कारण प्रत्येक कंपनीच्या सॉकेटची खाच आणि रिंगची घडण वेगळी असते, आणि साइटवर रिंगांची सरमिसळ झाली की गळती ठरलेलीच.

आम्ही दुसऱ्या योजनेत पूर्ण लांबीची ऑर्डर एकाच कंपनीला दिली, दर तेव्हाच पक्का केला आणि माल मात्र चार-पाच खेपांत मागवला. पुढची एक खेप नेहमी आवारात राहील, इतकंच पुढे राहायचं. दर थोडा जास्त पडला असेल, पण चाचणी पहिल्याच वर्षात उरकली आणि पुन्हा उघडावे लागलेले जॉइंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले.

काही वस्तू मात्र मी आजही आधीच घेईन. पाणी बंद-चालू करणारे मोठ्या व्यासाचे स्लूस आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह, हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह, वळणाचे बेंड, फाट्याचे टी आणि रेल्वे किंवा महामार्गाखाली ढकलायचा, वाहिनी ज्याच्या आतून जाते तो पोलादी केसिंग पाइप. पाइप पडून आहे आणि एका बेंडपायी काम अडलंय, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. गल्लीबोळांतल्या वितरणाच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपबद्दल थोडक्यात सांगायचं तर काळ्या पाइपातलं कार्बन ब्लॅक त्याला उन्हापासून वाचवतं, पण उंच थप्पीत तळचे पाइप चपटे होतात आणि वेल्डिंगला तोंडाशी तोंड जुळत नाही. शिवाय गल्लीत मधेच काँक्रीट रस्ता झाला की आखणी बदलते. हा पाइप तर आधी घेऊच नये.

तुमच्याकडे सगळ्या परवानग्या हातात असतील, जमीन मुरमाड असेल, काम नोव्हेंबरमध्ये सुरू होणार असेल आणि कुलूप लागणारं पक्क्या छताचं गोदाम असेल, तर सगळा पाइप एकदम घ्यायला माझा विरोध नाही. लहान लांबीच्या वाहिनीला ते सोयीचंही पडतं. अशी स्थिती मी फारशी पाहिलेली नाही, पण तुमच्या गावात असू शकते.

तेव्हाही रिंगांची ऑर्डर पाइपपासून वेगळी काढा आणि त्यात स्पष्ट लिहून घ्या, की रिंगा जोडणी सुरू होण्याच्या महिन्यातच येतील, त्यांच्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असेल आणि हमी साइटवर माल मिळाल्यापासून धरली जाईल. आल्यावर त्या अंधाऱ्या, थंड खोलीत सुट्या, न दुमडता ठेवा, मोटारीपासून लांब, आणि त्या दिवशी जितके जॉइंट होणार तितक्याच बाहेर काढा. ठेकेदाराला यात अडचण वाटत नाही, कारण त्याचं बिल पाइपवर असतं, रिंगवर नाही.