गॅसची केशरी सुरक्षा नळी: घ्यावी, पण बसवताना घाई नको

गॅस एजन्सीत मिळणारी केशरी सुरक्षा नळी दोनशे रुपयांच्या आसपास पडते. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर कापून देतात ती साधी नळी स्वस्त असते, पण तिच्या वाटेला जाऊच नका. केशरी नळीच्या रबरात पोलादी तारेचं कवच असतं, त्यामुळे उंदराचे दात तारेपाशी अडतात.

घेताना नळीवरची छपाई वाचा: आयएसआय चिन्ह, आयएस ९५७३ (गॅसच्या रबरी नळीच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि उत्पादनाचं वर्ष. मुदत ५ वर्षांची. दुकानात दोन वर्षं पडून असलेली नळी नव्या भावात कशाला घ्यायची? लांबी दीड मीटरची घ्या. तारेमुळे ही नळी ताठ असते, हाच तिचा खरा दोष. आखूड पडली की ताणली जाते आणि टोकाशी निसटू पाहते.

बसवण्याआधी रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा. नळीचं टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरलं की रबर नरम पडतं. तेल मात्र लावू नका, पुढे नळी घसरते. नोझलवरच्या सगळ्या खाचा झाकल्या जाईपर्यंत नळी दाबत न्या. मग शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून कधीच तपासू नका.

वास आला की लोक आधी नळी बदलतात. फेस रेग्युलेटरच्या गळ्याशी फुगत असेल तर दोष नळीचा नसून सिलिंडरच्या तोंडातल्या रबरी वायसरचा असतो. सिलिंडर घरी येतो तेव्हाच पोचवणाऱ्याकडून हा वायसर तपासून घ्या.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कडक भाकरी वाळेपर्यंत शेगडी तासन्‌तास चालते, त्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार. शेगडीखालून किंवा बर्नरजवळून गेलेली नळी मुदतीआधीच कडक होते. शेगडीपाशी ती जिथे वळते तिथे बोटाने वाकवून बघा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, छापलेलं वर्ष काहीही असो. भेगा दिसायलाच हव्यात, म्हणून नळीवर कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण चढवू नका. स्वयंपाकघर सुंदर दिसावं म्हणून ते चढवणं मला अजिबात पटत नाही.

रात्री झोपताना रेग्युलेटर बंदच हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो फरशीलगत साचतो. तेव्हा विजेचं बटण, पंखा, दिवा कशालाही हात न लावता दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा.