जिन्यातला एलईडी सेन्सर : नऊ महिने वापरल्यानंतर

गणपतीच्या मखरासाठी घेतलेली ही किट विसर्जनानंतर जिन्यात गेली. समोर कुणी आलं की एलईडीची पट्टी उजळते, एवढंच तिचं काम. जोडायला एक संध्याकाळ पुरली, वळणावर आणायला दोन महिने गेले.

मखरात मी सेन्सर काचेआड लपवला होता. देखणा दिसला, पण आंधळा झाला. अंगातून निघणारे अवरक्त किरण साध्या काचेतून जात नाहीत, हे तेव्हा कुठे माहीत!

आत आहे तो सगळीकडे मिळणारा एचसी-एसआर५०१, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. त्याच्यावर दोन केशरी पॉट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या खुंट्या. एक पल्ल्याचा, साधारण ३ ते ७ मीटर. दुसरा वेळेचा, काही सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. सोबतच्या कागदावर त्यांचा उल्लेखही नाही. मी हौसेने दोन्ही टोकाला नेले. मग व्हरांड्यात मांजर फिरलं तरी जिना उजळायचा आणि विझायचं नाव नाही. "घरात कुणी नाही, दिवाळी कुणाची चाललीय?" आईने विचारलं.

वेळ कमी केली तर दिवा विझून दोन-तीन सेकंदांत आपोआप लागायचा, रात्रभर. सेन्सर बदलायला निघालो होतो. खोट वीजपुरवठ्यात निघाली. पट्टी बंद होताना अडॅप्टरच्या व्होल्टेजला बसणारा हिसका सेन्सरला माणूस वाटत होता. सेन्सरच्या वीजपुरवठ्याच्या पिनांशी ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून असे हिसके सावरणारा) सोल्डर केला, दुखणं संपलं. (उलटा लावू नका, फुगतो.)

सेन्सरच्या बोर्डावरचा जम्पर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) 'एच'वरच ठेवा, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत दिवा राहतो. 'एल'वर माणूस अर्ध्या जिन्यात असताना अंधार होतो.

जागेने मात्र सगळ्यात जास्त फरक पडला. सेन्सरच्या आत दोन भाग असतात आणि तो त्यांच्यातला फरक बघतो. म्हणून सरळ चालून येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. समोरच्या भिंतीवरून काढून बाजूच्या कठड्यावर लावला, तर पहिल्याच पायरीला दिवा लागू लागला.

लाइट जाऊन आली की मिनिटभर तो वेड्यासारखा वागतो, तेवढं चालवून घ्यायचं.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हाने भिंती अंगाएवढ्या तापल्या आणि माणूस वेगळा ओळखू येईना. पल्ल्याचा पॉट थोडा वाढवला. पाऊस पडला की परत कमी करावा लागेल, म्हणून छोटा स्क्रूड्रायव्हर कठड्यालाच बांधून ठेवलाय.