जुन्या सर्व्हरवरील पोर्तुगीज नावे आणि 'लुइट'

गोव्यात जुन्या नोंदींचे काम करणाऱ्यांना एक अडचण हमखास भेडसावते. आजचे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची मजकुराची खिडकी, यूटीएफ-८ हा अक्षरसंकेत (अक्षरे आकड्यांत, म्हणजे बाइटांत, लिहिण्याची पद्धत) गृहीत धरते, तर जुन्या सर्व्हरवर पोर्तुगीज वळणाची नावे पुष्कळदा आयएसओ ८८५९-१ या जुन्या संकेतात साठवलेली असतात. मडगावचे पोर्तुगीज स्पेलिंगच घ्या. त्यातील, डोक्यावर नागमोडी रेघ असलेले अक्षर जुन्या संकेतात २२७ या एकाच बाइटने लिहिले जाते. यूटीएफ-८ मध्ये मात्र २२७ म्हणजे तीन बाइटांच्या अक्षराची सुरुवात, आणि पुढचे बाइट तसे न मिळाल्याने टर्मिनल तेथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होते.

'लुइट' हे मोफत साधन मूळचे युलियुश ख्रोबोचेक यांचे असून आता टॉमस डिकी ते सांभाळतात. लुइट टर्मिनल आणि प्रोग्राम यांच्या मधे बसते. आज्ञा देताना आधी 'लुइट', मग संकेताचे नाव आणि शेवटी एसएसएचची (दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामची) नेहमीची आज्ञा लिहिली की पलीकडून येणारा मजकूर यूटीएफ-८ मध्ये दिसतो आणि आपण टाइप केलेला मजकूर जुन्या संकेतात परत जातो. माझ्या मते खरे मोल या परतीच्या रूपांतराचेच आहे, कारण ते नसेल तर तेच अक्षर १९५ आणि १६३ अशा दोन बाइटांनी नोंदीत शिरते आणि कोणाच्या तरी आडनावात पौंडाचे चिन्ह कायमचे मुक्काम ठोकते. मजकुराचा संकेत बदलणारा आयकॉन्व्ह हा प्रोग्राम येथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी पाइप जोडताच, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्यात सोडताच, पूर्ण पडद्यावर चालणारे प्रोग्राम बिघडतात, तर लुइट स्वतःचे आभासी टर्मिनल उघडत असल्याने पडद्यावरचे नोंदींचे फॉर्म जसेच्या तसे चालतात. फायली बदलायच्या असतील तेव्हा मात्र आयकॉन्व्हच वापरावे, कारण अवैध बाइट आढळताच ते त्याचे स्थान सांगून थांबते.

लुइटची उणीव अशी की मूळ संकेत कोणता, हे ते स्वतः ओळखत नाही. पलीकडचा मजकूर डॉस या जुन्या प्रणालीच्या ८५० कोडपेजमधला (अक्षरसंकेतातला) असेल, तर हेच अक्षर १९८ असते. ८८५९-१ सांगून बसलात तर त्या जागी भलतेच जोडाक्षर दिसते आणि लुइट चकार शब्द काढत नाही.

देवनागरीसाठी याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर दिसते, तो मांडणीचा प्रश्न आहे, संकेताचा नव्हे. इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातील मराठी मजकूर टर्मिनलवर वाचायचा असल्यास एमएलटर्म हे दुसरे टर्मिनल वापरून पाहावे.