फोंड्यात घरी येऊन रक्त नेणारी लॅब: ४ स्टार

२०१९ पासून बाबांसाठी हीच लॅब, आता तर दर आठवड्याला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मुलगा सकाळी साडेसहाला पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याबरोबरच दारात हजर, भर पावसात पण, आणि बाबांची शीर पटकन सापडत नाही तरी हा एकदाच टोचतो.

पण खरं कौतुक रिपोर्टचं. बाबांना २०१४ पासून फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा हळूहळू वाढणारा कॅन्सर, पहिली दोन वर्षं नुसतं लक्ष ठेवलं, मग २०१६ ला बेंडामस्टिन-रिटक्सिमॅब या केमोच्या ६ सायकल झाल्या आणि आम्ही जवळजवळ विसरलोच. गेल्या वर्षी जिना चढताना दम लागायला लागला, हिमोग्लोबिन कमी आलं, आम्ही शहाण्यांनी घरीच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आत्याचं बीट-नाचणी वेगळंच. या लॅबवाले जुने आकडे शेजारीच छापतात, त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ९३ वरून १०७ वर गेलेला. लोह कमी पडलं तर लाल पेशी लहान होतात, इथे तर मोठ्या होत चाललेल्या! प्लेटलेटही कमी, ७८ हजार. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःहून फोन, मशीनवर न राहता स्लाइड बघितली म्हणाल्या, प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर मशीन कमी मोजतं, पण तशा नाहीत म्हणजे आकडा खरा आहे, पांढऱ्या पेशींचे आकारही विचित्र दिसतायत, रक्ताच्या डॉक्टरांना दाखवाच.

आम्हाला वाटलं लिम्फोमा उलटला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाडातला मगज, म्हणजे मॅरो, तपासायला काढला तर निघालं एमडीएस, म्हणजे मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार. डॉक्टरांनी समजावलं की गाठींच्या कॅन्सरचाच हा आजार झालेला नाही, मॅरोतल्या मूळ पेशी बिघडल्यात, आणि जुन्या केमोमुळे असं काही वर्षांनी होऊ शकतं. म्हणजे ज्या औषधाने वाचवलं त्यानेच, असो. आता दर २८ दिवसांनी ७ दिवस अ‍ॅझासिटिडिन या औषधाची इंजेक्शनं, आणि मधे सीबीसीच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी).

एक स्टार कापला तो अ‍ॅपमुळे. रात्री ११ वाजता बाबांच्या मोबाईलवर लाल अक्षरात ‘क्रिटिकल’, आम्ही झोपलेलो, त्यांनी एकट्यानेच वाचलं आणि सकाळपर्यंत बोलले नाहीत. नंबर बदलून माझा द्यायचा तर ते अ‍ॅपमधून होत नाही, काउंटरवरच जावं लागतं, आणि तिथे दुपारी १ ते ३ बंद.